सत्यलेखनाची विद्या आणि आपला विद्यानिधी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, शिक्षणविषयक सभेपुढे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होत आली आहेत. डॉक्टर, इंजिनियर, वकील अशी थोर मंडळी येथे बोलून गेली. यंदा चिटणिसांनी हे काम मजसारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकावर सोपविले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्या पदवीविषयी मला बोलावयाचे आहे ती मजपाशी नाही, आणि तिच्या अलीकडची पदवीही नाही. परंतु माझे सारे आयुष्य मुलांना शुद्धलेखन आणि निबंध शिकविण्यात गेले. तेव्हा लेखन शिकविता येते की नाही, या प्रश्नावर चार शब्द बोलण्याचा मला यत्किंचित् अधिकार आहे, असे मी समजतो.

विषयाचे निमित्त आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. विद्यानिधीकडे यंदा जे अर्ज आले त्यांत एक निराळा आहे. आपल्या ज्ञातीतील एका मुलीने बी. ए. झाल्यावर काही काळ वृत्तपत्रात काम केले, आणि आता तिला अमेरिकेतील एका विद्यापीठाने लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश दिला आहे. शिक्षणशुल्क विद्यापीठ माफ करणार असून निर्वाहापुरते वेतनही देणार आहे. प्रवास, व्हिसा आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च एवढ्यापुरते बिनव्याजी कर्ज तिने मागितले आहे. हा अर्ज अद्याप निर्णयावाचून पडून आहे. समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, "लिहावयास शिकण्यासाठी साता समुद्रांपलीकडे कशाला जावयास हवे? बाराखडी काय येथे शिकवीत नाहीत?" प्रश्न थट्टेचा असला तरी अवाजवी नाही. निधीचा पैसा आपल्या वाडवडिलांनी हातोडा चालवून साठविलेला आहे. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक सभासदास आहे. म्हणून त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा मी यत्न करणार आहे. मुलीचे नाव येथे घेणे प्रशस्त नव्हे. विषयही तिच्या एकटीचा नाही, कारण तिच्यामागून आणखी मुलेमुली या वाटेने येणार आहेत.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, ते पाहू. तिच्या दोन शाखा आहेत. पहिली व्यावसायिक लेखनाची. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला कागद, यंत्र कसे चालवावे हे सांगणारी पुस्तिका, बँकेचा अर्ज, सरकारी योजनेची माहिती, हे सर्व कोणीतरी लिहीत असते. आणि ते वाईट लिहिले गेले तर औषध चुकते, यंत्र बिघडते आणि गरिबाचा अर्ज परत येतो. हे लेखन शिकविण्यासाठी अमेरिकेत स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत; पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात व्यावसायिक लेखनाची एम. ए. पदवी मिळते. आपल्याकडेही पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून 'टेक्निकल रायटर' या हुद्द्यावर माणसे नेमली जातात. या शाखेविषयी समितीत फारसा वाद होणार नाही, कारण तिच्या टोकाला पगार दिसतो.

दुसऱ्या शाखेस इंग्रजीत 'क्रिएटिव्ह नॉनफिक्शन' म्हणतात. मराठीत आपण तिला ललित सत्यलेखन म्हणू. आत्मचरित्र, चरित्र, प्रवासवर्णन, एखाद्या गावाची वा धंद्याची प्रत्यक्ष पाहून लिहिलेली हकीकत, हे सर्व तिच्यात येते. माणसे, प्रसंग, संवाद यांची मांडणी कादंबरीसारखी रसाळ करावयाची. परंतु त्यातील एकही गोष्ट मनाने रचावयाची नाही, हा तिचा मुख्य नियम होय.

तांबटांच्या सभेत हे समजाविणे मला सोपे आहे. हंड्यावर किंवा बंबावर आपण माठारकाम करतो. लहान हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत गेले की भांड्याला झळाळी येते. पाहणाऱ्यास वाटते की ही केवळ नक्षी. परंतु आपणांस माहीत आहे की त्याच ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कणखर होतो. भांड्यास चीर असेल तर माठारकामाने ती झाकत नाही, उलट वाढते. ललित सत्यलेखनातील भाषेचे सौंदर्य असेच असावयास हवे. त्याने हकिकतीस बळकटी आली पाहिजे. हकिकतीतील चीर लपविण्यासाठी ते वापरू नये.

आता या अभ्यासक्रमाचा इतिहास. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे शेतीप्रधान राज्य आहे. तेथील विद्यापीठात १८९७ साली पद्यरचनेचा वर्ग भरविण्यात आला होता. १९२२ साली त्या विद्यापीठाने असे ठरविले की उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी स्वतंत्र वाङ्मयकृतीही स्वीकारावी. पॉल एंगल या तरुणाचा कवितासंग्रह याच सवलतीमुळे एम. ए. साठी मान्य झाला आणि १९३२ साली प्रसिद्ध झाला. १९३६ साली 'रायटर्स वर्कशॉप' या नावाने लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. १९४१ पासून सुमारे पाव शतक तिची धुरा याच एंगलने वाहिली. शेतकऱ्यांच्या मुलखातील या गावास युनेस्कोने २००८ साली 'साहित्यनगरी' म्हणून गौरविले.

आरंभी तेथे कथा, कादंबरी आणि कविता यांचेच शिक्षण होते. सत्यलेखनाची निराळी शाखा आयोवात १९७६ साली निघाली, आणि तिचा अभ्यासक्रम आज तीन वर्षांचा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात ली गटकिंड या प्राध्यापकाने या विद्येचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १९९३ साली तिच्याच नावाचे नियतकालिक स्थापिले. मेरीलँड राज्यातील गाउचर महाविद्यालयाने १९९७ साली अशी पदवी काढली की विद्यार्थ्याने वर्षातून थोडे दिवस महाविद्यालयात राहावे आणि उरलेला काळ घरी राहून, आपला कामधंदा सांभाळून, गुरूकडे लेखन पाठवीत जावे. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने लेखनाची एम. ए. १९७० साली सुरू केली. तेथील अभ्यासक्रम साधारण एक वर्षाचा असतो.

आपल्या मराठीचा आयोवाशी जुना संबंध आहे. पॉल एंगल आणि हुआलिंग नीह यांनी १९६७ साली तेथे देशोदेशींच्या लेखकांसाठी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात त्या कार्यक्रमात होते. हा कार्यक्रम पदवीचा नव्हे. अगोदरच लेखक म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांना तेथे निमंत्रण असते. अर्जदारांनी या दोहोंत गल्लत करू नये, म्हणून हे सांगितले.

वर्गात काय चालते? दहाबारा विद्यार्थी एका मेजाभोवती बसतात. एकाने आपले वीसपंचवीस पानांचे लेखन आठवडाभर आधी सर्वांना वाटलेले असते. प्रत्येकाने ते वाचून, समासात टिपणे करून आणावयाचे. मग चर्चा होते: आरंभ कोठे रेंगाळला, कोणते माणूस डोळ्यांपुढे उभे राहिले, कोणते विधान पुराव्यावाचून केले. जुन्या रिवाजाप्रमाणे ज्याचे लेखन असेल त्याने या वेळी मौन पाळावयाचे असते. या मौनावर अलीकडे तेथे टीका होऊ लागली आहे, कारण निराळ्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याचे जग इतरांस ठाऊकच नसेल, तर त्यांचे अज्ञान त्यास मुकाट्याने ऐकावे लागते. ती टीका मला रास्त वाटते. वर्गाखेरीज मुलाखत कशी घ्यावी, दप्तरखान्यातील कागद कसे वाचावे, ऐकीव माहिती दुसऱ्या साक्षीने कशी ताडून पाहावी, याचेही शिक्षण असते. अखेरीस पुस्तकाएवढे हस्तलिखित सादर केल्यावाचून पदवी मिळत नाही.

या विद्येत सत्याचे मोल किती, हे तीन पुस्तकांवरून कळेल. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला. जॉन हर्सी या लेखकाने तेथे जाऊन, वाचलेल्या सहा माणसांच्या तोंडून त्या दिवसाची हकीकत मिळविली. 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६ चा सबंध अंक त्या एकाच लेखास दिला. लेखात कोठेही आक्रोश नाही, विशेषणांची खैरात नाही. सहा साधी माणसे त्या सकाळी काय करीत होती आणि पुढे त्यांचे काय झाले, एवढेच आहे. दुसरे पुस्तक ट्रूमन कपोटी यांचे. कॅन्सस राज्यात १९५९ साली एका शेतकरी कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६६ साली निघाले आणि फार गाजले. परंतु त्याचा अखेरचा दफनभूमीतील प्रसंग कल्पित असल्याचे पुढे उघड झाले, आणि एवढ्या मोठ्या ग्रंथास तो डाग कायमचा लागला. तिसरे पुस्तक जेम्स फ्राय यांचे, २००३ सालचे. व्यसनातून सुटल्याची आत्मकथा म्हणून ते लाखोंनी विकले गेले. २००६ साली त्यातील अनेक गोष्टी बनावट ठरल्या, आणि प्रकाशकास वाचकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. ही उदाहरणे अशा वर्गांतून आजही चर्चिली जातात. मुलांस सुरेख लिहावयास शिकविण्याइतकेच, सुरेख लिहिताना खोटे लिहू नये हे शिकविणे कठीण आहे, हा माझा शाळेतला अनुभव आहे. सहलीवर निबंध लिहा म्हटले की सहलीस न गेलेली मुलेही 'पक्ष्यांचा किलबिलाट' ऐकून येत असत.

येथे कोणी म्हणेल, आमच्या मराठीत असे लेखन पदवीवाचूनच झाले. हे अक्षरशः खरे आहे, आणि त्याचा आपणांस अभिमान असावा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथच मुळी साक्षीदारांना भेटून लिहिलेला आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांच्या 'स्मृतिचित्रां'ची बरोबरी किती पदवीधर करू शकतील? दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि मराठी वाचकांस आपल्याच गावाची दुसरी बाजू दिसली. अनिल अवचट शिक्षणाने डॉक्टर होते. त्यांनी कामगार, शेतकरी, भटके यांच्यात हिंडून जे लिहिले ते कोणत्याही लेखनवर्गात बसून नव्हे.

मग पदवी कशासाठी? माझे उत्तर असे. पदवीने लेखक घडत नाही, हे मला मान्य आहे. संगीत विद्यालयाने भीमसेन घडत नाहीत, तरी संगीत विद्यालये आपण बंद केली नाहीत. लक्ष्मीबाईंच्या पाठीशी रेव्हरंड टिळकांसारखा कवी पती होता आणि घरात काव्याचे वातावरण होते. गोडसे भटजींना लिहावयास सांगणारे आणि हस्तलिखित जपणारे चिंतामणराव वैद्य भेटले. म्हणजे कोणीतरी वाचणारा, विचारणारा, दुरुस्त करणारा प्रत्येकाजवळ होता. ज्या घरात पुस्तकाचे कपाट नाही, ज्या आळीत कोणी संपादक राहत नाही, तेथील मुलास असा जाणता वाचक कोठून मिळावा? आपल्या धंद्यात उमेदवारी केल्यावाचून कोणी ऐरणीवर बसत नाही. बाप नसला तर मुलगा चुलत्याकडे शिकतो, चुलता नसला तर परक्या कारखान्यात. लेखनाची उमेदवारी ज्याच्या घरी होऊ शकत नाही, त्याच्यासाठी विद्यापीठाचा वर्ग हा परका कारखाना होय.

आणि आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. कारागिरांच्या रोगांवर त्याने ग्रंथ लिहिला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने त्यात तांबटांविषयी लिहून ठेवले आहे: व्हेनिस शहरात ही माणसे एकाच वस्तीत राहतात, दिवसभर तांबे ठोकतात, त्यांच्या कानांस इजा होते आणि म्हातारपणी ती ठार बहिरी होतात. बंधूंनो, हे वाचून आपल्यापैकी कोणास आपले आजोबा आठवणार नाहीत? आपल्या घराघरांतून मोठ्याने बोलण्याची रीत का आहे, हे बाहेरच्यांस कळत नाही, आपणांस कळते. तीनशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या तांबटांचे दुःख एका परक्या वैद्याने नोंदविले. आपल्या आळीतील माणसांविषयी आपल्या घरांतून कोणी काय लिहिले? आपल्याजवळ हिशेबाच्या वह्या आहेत, वर्गणीच्या पावत्या आहेत, पंचांच्या ठरावांचे बाड आहे. परंतु स्टेनलेस स्टील आल्यावर एकेक भट्टी कशी विझली, बंब कोणी घेईनासे झाल्यावर घरातल्या बायकांनी संसार कसे चालविले, कोणत्या ठोक्याचा नाद ऐकून पत्र्याची जाडी ओळखता येत असे, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर ही सारी विद्या स्मशानात जाते.

या मुलीने प्रवेशासाठी जे लेखन पाठविले, ते मी वाचले आहे. त्यात तिच्या बहिऱ्या आजोबांची हकीकत आहे. ते कान गेल्यावरही ठोका बरोबर मारीत असत, कारण हातोडीची थरथर मनगटाला कळे, असे तिने त्यांस प्रश्न लिहून दाखवून, विचारून घेतले आहे. एकही शब्द भावविवश नाही. समितीतील किती सभासदांनी ती पाने वाचली, असे मी विचारीत नाही. एवढेच सुचवितो की ती वाचल्यावर मत द्यावे.

आता व्यवहाराची बाजू. तीही लपविणे योग्य नव्हे. प्रवेशासाठी साधारणतः वीसतीस पानांचे लेखन, उद्देशपत्र, शिफारसपत्रे आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल लागतो. आपली तीन वर्षांची बी. ए. काही विद्यापीठे पुरेशी मानतात, काही मानीत नाहीत. ते अगोदर पत्राने विचारून घ्यावे. काही विद्यापीठे विद्यार्थ्यास खालच्या वर्गांना शिकविण्याचे काम देऊन शुल्क माफ करतात, काही मुळीच करीत नाहीत. अमेरिकेतील सध्याच्या नियमांनुसार परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करता येते. पदवीनंतर नोकरीची मुभा एक वर्षाची मिळते. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस मिळणारी आणखी दोन वर्षे लेखनाच्या पदवीधरास सामान्यतः मिळत नाहीत. असले नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना ते पुन्हा पाहून घ्यावेत. एम. एफ. ए. ही या विषयातील अंतिम पदवी म्हणून अमेरिकेत मानली जाते आणि महाविद्यालयात लेखन शिकविण्यास ती चालते. परंतु तेथेही जागा थोड्या आणि उमेदवार फार. भारतात प्राध्यापकी हवी असेल तर पदवीच्या समकक्षतेचा दाखला, आणि साधारणतः नेट किंवा पीएच. डी., यांची पूर्तता करावी लागते. आणि गाजलेली नावेही टिकतातच असे नाही: १९७६ साली घरी राहून लेखनाची पदवी मिळविण्याची पद्धत ज्या गॉडर्ड महाविद्यालयाने सुरू केली, ते २०२४ साली पैशाअभावी बंद झाले. तेव्हा राहते घर गहाण टाकून, लाखो रुपयांचे कर्ज काढून या पदवीस कोणी जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी खंत करू नये. वृत्तपत्रातील उमेदवारी, चांगले ग्रंथालय, आणि एकमेकांचे लेखन परखडपणे वाचणारे पाचसहा मित्र, एवढ्यावरही पुष्कळ साधते.

हे सर्व ध्यानात घेऊन मी सभेपुढे चार सूचना ठेवितो.

पहिली: विद्यानिधीने कोणताही अर्ज केवळ विषयाचे नाव ऐकून बाजूस ठेवू नये.

दुसरी: परदेशी लेखनशिक्षणासाठी साहाय्य तेथेच द्यावे, जेथे विद्यापीठाने शुल्काचा भार स्वतः उचलला आहे. निधीने प्रवास आणि आरंभीचा खर्च यांपुरते कर्ज द्यावे व परतफेडीस सवड द्यावी.

तिसरी: अर्जदाराचे लेखन समितीतील दोघांनी आणि ज्ञातीबाहेरील एका जाणत्या वाचकाने वाचावे. आपल्या मुलांची परीक्षा आपणच घेतली तर ममता आड येते, किंवा मत्सर.

चौथी: साहाय्य घेणाऱ्याने आपल्यातील एखाद्या वृद्ध कारागिराची किंवा गृहिणीची हकीकत विचारून, ताडून, लिहून संस्थेच्या दप्तरी द्यावी. मात्र त्या लेखनात काय असावे आणि काय नसावे, याची अट संस्थेने घालू नये.

या चौथ्या सूचनेवर वाद होईल, हे मी जाणतो. आत्मकथनांमुळे स्वजन रुष्ट झाल्याची उदाहरणे मराठीत थोडी नाहीत. आपल्या मुली जेव्हा लिहू लागतील, तेव्हा त्या केवळ आजोबांच्या मनगटाचे कौतुक लिहिणार नाहीत. पंचांनी कोणाला दंड केला, कोणत्या विधवेस हिश्शावाचून घराबाहेर जावे लागले, कोणत्या मुलीची शाळा पत्रा धुण्यासाठी सुटली, हेही त्या लिहितील. ते वाचताना आपणांस बरे वाटणार नाही. तथापि गौरवगीते लिहून घ्यावयाची असतील तर त्यासाठी विद्येची गरज नाही. दर स्मरणिकेत ती आपण छापीतच आहोत. आपला खरा इतिहास हवा असेल, तर तो लिहिणाऱ्यास शिकू द्यावे लागेल आणि लिहू द्यावे लागेल.

आपल्या पूर्वजांनी घडविलेले हंडे आणि घंगाळी आज परक्यांच्या दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेली दिसतात. ती घडविणाऱ्यांची नावे त्यांवर नाहीत. ती नावे, ते हात आणि ती घरे शब्दांत जपण्याचे काम आपल्याच एका मुलीने शिरावर घेतले आहे. समितीची पुढील बैठक येत्या महिन्यात आहे. सभासदांनी तत्पूर्वी तिचे लेखन वाचावे आणि आपले मत चिटणिसांकडे लेखी द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. त्याची प्रत चिटणिसांपाशी ठेविलेली आहे.